थंडी वाजली आणि मी देवी झाले

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला तोंड उघडता येईल. अकरा वर्षांपूर्वीच्या नवरात्रात मी घरी देवीच्या पोथीचं नऊ दिवसांचं पारायण धरलं, आणि वाचताना मध्येच लघवीला उठावं लागू नये, आसन मोडू नये, म्हणून पाणी पिणं जवळजवळ बंद केलं. सकाळी एक पेला आणि संध्याकाळी आरतीनंतर एक पेला. हे कधी? डाव्या मूत्रपिंडात बारा मिलिमीटरचा खडा असताना! आणि हे करणारी बाई कोण? पंचवटीतल्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. गोल जीवाणू, दंडासारखे जीवाणू, मळसूत्रासारखे जीवाणू, सगळे फळ्यावर रंगीत खडूने काढून दाखवणारी. आमची अख्खी सोसायटी मला अजूनही ‘बाई’ म्हणते ते त्यामुळेच. आज बाहत्तरीतून मागे वळून पाहते तेव्हा ती एकसष्ट वर्षांची पोरगी मला स्पष्ट दिसते. काठापदराची साडी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, मान ताठ, जीभ कोरडी. तिला कान धरून बाकावर उभी करावीशी वाटते.

खडा दोन वर्षांपूर्वीच सापडला होता. डॉक्टर म्हणाले होते, वाढायच्या आत काढून टाकू. मी म्हटलं, बघू. मग पाणफुटीची पानं चावली, कुळथाचं कढण प्यायले, कुणाच्या तरी मामांनी दिलेली राखाडी पूड मधातून चाटली. खडा जागचा हलला नाही. तेव्हा मी मोर्चा देवीकडे वळवला. गडावरच्या आईला हात जोडून सांगितलं, ‘तू खडा पाड, मी पारायण करते.’ बघा सांगण्याची तऱ्हा! जणू ती माझ्या वर्गातली मुलगी होती आणि मी तिला गृहपाठ देत होते.

तिसऱ्या माळेला लघवीला जळजळ सुरू झाली. चौथ्या दिवशी ती तांदळाच्या धुवणासारखी गढूळ झाली, वास मारायला लागली. डाव्या कुशीत, बरगडीच्या खाली, कुणी अंगठा दाबून ठेवल्यासारखं दुखत होतं. सुनेला, मेघनाला, सांगायची सोय नव्हती. ती बँकेत काम करते आणि सगळं वेळच्या वेळी करण्यावर तिचा भारी विश्वास. सांगितलं असतं तर तिने त्याच पावली उचलून दवाखान्यात नेलं असतं आणि माझं पारायण मोडलं असतं. मुलगा पुण्याला नोकरीला, तो शनिवारी येणार. मी गुपचूप औषधांचा खण उघडला, नातीच्या घशाला आणलेल्या गोळ्यांतल्या दोन उरल्या होत्या त्या घेतल्या आणि बरं वाटतंय असं मनाला पटवलं. ‘औषधाचा कोर्स अर्धवट सोडू नये’ हे वाक्य मी सातवीच्या किती तुकड्यांना वहीत लिहून दिलंय, ते विचारू नका.

सहाव्या माळेची सकाळची आरती. ऑक्टोबरचं ऊन असं तापलेलं, की पंखा पाचवर असूनही भजनी मंडळाच्या बायका पदराने मान पुसत होत्या. आणि मला एकदम पाठीच्या कण्यातून गार पाणी सोडावं तसं झालं. हात थरथरायला लागले, निरांजन हिंदकळलं, दातांवर दात आपटायला लागले. खांदे, मान, गुडघे, सगळं आपापल्या मनाने नाचायला लागलं. शेजारच्या शैलाताई टाळ वाजवत होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, डोळे विस्फारले आणि किंचाळल्या, “आई आली! अगं बायांनो, बाईंच्या अंगात आई आली!”

आता खरी कबुली. मला थंडी वाजत होती, हे मला कळत होतं. शिक्षिकेला हुडहुडी ओळखता येणार नाही? मला नुसतं म्हणायचं होतं, ‘शैलाताई, पांघरूण द्या.’ पण तोवर कुणीतरी माझे केस मोकळे सोडले, कुणी मळवट भरला, कुणी पायांवर डोकं ठेवलं, आणि टाळ असे कडाडले, की माझ्याच अंगावर काटा आला. मला ते आवडलं हो! दोन वर्षं पानं चावली, पाच दिवस तहान मारली, त्याचं हे फळ असेल, असं वाटून घ्यायला फार गोड वाटलं. शैलाताईंनी हात जोडून विचारलं, “आई, आमच्या प्रसादचं लग्न कधी?” आणि मी, विज्ञानाची बाई, दात वाजवत म्हणाले, “माघात!” (झालं, पण फाल्गुनात. शैलाताई अजून म्हणतात, तिथीचा थोडा फरक पडायचाच.)

अर्ध्या तासाने घाम फुटला आणि अंग मोकळं झालं. संध्याकाळी मेघना बँकेतून आली तेव्हा मी तांदूळ निवडत बसले होते. तिने विचारलं, “आई, चेहरा असा का दिसतोय?” मी म्हटलं, “उपासाचं तेज आहे.” तिने माझ्या कपाळाला हात लावायला पुढे केला, तर मी चटकन मागे सरकले आणि म्हणाले, “पारायणात आहे मी, अंघोळ केल्याशिवाय शिवू नकोस.” तिचा हात तसाच हवेत राहिला. ते आठवलं की आजही मला लाज वाटते.

सातव्या माळेला आमचा जिना भरला. बातमी शैलाताईंनी सोसायटीत नेली होती, तिथून ती भाजीबाजारात गेली. सकाळी नऊपासून ओट्या, नारळ, हार. मेघना कामावर गेलेली. आदल्या दिवशीच्याच वेळेला मला हुडहुडी भरली आणि बायकांनी उदो उदो केलं. पण या वेळी गंमत उरली नव्हती. थंडी थांबेना. डोळ्यांसमोर माणसं लांब जायला लागली. बायका प्रश्न विचारत होत्या आणि मला ते पाण्याखालून ऐकू यावेत तसे ऐकू येत होते. मी काय उत्तरं दिली, ते मला पुढे शैलाताईंनी सांगितलं. मी वर्गाची हजेरी घेत होते! “एक... दोन... तीन... चार गैरहजर का?” बायका भांबावल्या, मग एकीने आपल्या नंबराला “हजर, आई!” म्हटलं, आणि रांगच्या रांग हजेरी द्यायला लागली. चौथ्या नंबरची बाई रडायलाच लागली, आईने आपल्याला गैरहजर केलं म्हणून.

या रांगेत भाजीची पाटी दाराशी ठेवून एक बाई आली. विंचूरच्या अलीकडच्या एका खेड्यातून रोज मेथी-कोथिंबीर घेऊन पंचवटीच्या बाजारात येणारी. पन्नाशीची, काळीसावळी, काटक. नाव ताराबाई, हे आम्हाला फार नंतर कळलं. तिने वाकून माझा उजवा पाय दोन्ही हातांत धरला आणि तशीच थांबली. इतर बाया क्षणभर टेकवून उठत, ही उठेना. हाताने तिने माझी बोटं चाचपली, नखं पाहिली, मग न विचारता सरळ माझ्या कपाळाला तळवा लावला.

“ही देवी नाय,” ती म्हणाली. “हा ताप हाय.”

शैलाताई कडाडल्या, “अगं ए! आईच्या अंगाला हात लावतेस?”

“पाय बर्फावाणी गार, नखं निळी, न् कपाळ तव्यावाणी तापलंय. हिला मुतखडा हाय का वो?”

शैलाताई म्हणाल्या, “आहे, पण तो आई पाडणारे. म्हणून तर पारायण मांडलंय.”

“लघवी कवा झाली हिला?”

“काल संध्याकाळी,” मी दात वाजवत पुटपुटले. त्यानंतर झालीच नव्हती आणि मी त्याचाही आनंदच मानला होता, की आसन मोडावं लागलं नाही!

“माझी डावी किडनी अशीच गेली,” ताराबाई म्हणाली. “हीच थंडी, हेच दात वाजणं. घरचे म्हणले हिवताप हाय, उतरंल. तीन दिस उतरायची वाट बघितली. तुमी वाट बघू नका. रिक्षा बोलवा.”

“भरल्या पारायणातून उठवायचं? कोप होईल आईचा!”

“व्हऊ द्या. माझ्यावर व्हऊ द्या,” ती म्हणाली, पदर कमरेला खोचला आणि माझ्या काखांखाली हात घातला.

मी काय केलं असेल? मी तिला लाथ मारली. चांगली पोटात! आसन सोडायचं नाही, एवढं एकच खूळ त्या तापातही डोक्यात पक्कं होतं. ती म्हणाली, “मारा मावशी, अजून मारा. अंगात जोर हाय तवर बरं हाय.” आणि मला मेथीच्या गठ्ठ्यासारखी उचलली. मग शैलाताईच पुढे झाल्या. हे मी त्यांच्या बाजूने मुद्दाम सांगते. त्यांनी टाळ खाली ठेवले, माझे पाय धरले, आणि दोघींनी मिळून मला तीन जिने उतरवलं. मळवट भरलेली, केस मोकळे, गळ्यात झेंडूचे हार. रिक्षावाल्याने आधी रिक्षालाच हात लावून नमस्कार केला आणि मग किल्ली फिरवली. पंचवटीच्या त्या अरुंद गल्ल्यांतून, भाजीच्या गाड्या चुकवत, हॉर्न वाजवत आम्ही निघालो तेव्हा रस्त्यावरचे दोघे-तिघे हात जोडून उभे राहिले म्हणे. माझी शेवटची मिरवणूक निघायची ती अशी आधीच निघाली!

दवाखान्यात ताराबाईनेच सांगितलं, “खडा हाय, थंडी वाजून ताप हाय, कालपासून लघवी नाय.” तिच्या या तीन वाक्यांनी माझा वेळ वाचला, असं डॉक्टर पुढे मेघनाला म्हणाले. स्कॅनमध्ये दिसलं ते असं: खडा मूत्रपिंडातून घसरून खालच्या नळीत, मूत्रवाहिनीत, बुचासारखा बसला होता. मागे लघवी तुंबली होती, तुंबलेल्या लघवीत पू झाला होता, आणि जंतू रक्तात उतरायला लागले होते. रक्तदाब पडत चालला होता. मेघना बँकेतून धावत पोचली तोवर सह्या घ्यायचे कागद तयार होते. तिने विचारलं, “खडा आत्ताच काढणार का?” डॉक्टर म्हणाले, “नाही. या अवस्थेत खड्याला धक्का लावला तर जंतू अंगभर पसरतील. आज फक्त वाट मोकळी करायची. नळीतून एक बारीक स्टेंट सरकवू, तुंबलेलं वाहू देऊ, औषध चालू करू. खड्याचं नंतर बघता येईल.”

मी हे ऐकलं. अर्धवट शुद्धीत, स्ट्रेचरवर, हिरव्या चादरीखाली. दोन वर्षं मी देवीला एकच सांगत होते, खडा पाड, खडा पाड. आणि हा चष्मेवाला माणूस म्हणत होता, खडा राहू दे, वाट मोकळी करू. मला त्या क्षणी काय झालं, ते नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. मी काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. एखादी ओवी, एखादं नाव. इतकी वर्षं वाचलेल्या पोथीतला एक शब्द आठवेना. पाटी कोरी. मी घाबरले, खूप घाबरले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे देवीला सांगायला काहीच उरलं नव्हतं. ना मागणं, ना अट, ना पाठांतर. आणि तेवढ्यात मला माझ्या उजव्या पायावर हात जाणवला. खरखरीत, गरम, घट्ट धरलेला. तो मेघनाचा नव्हता, ती दाराशी सह्या करत होती. त्या हाताने मला काही विचारलं नाही. मी मनात म्हटलं, ‘बरं.’ एवढंच. ‘बरं, तू म्हणशील तसं.’ माझ्या एकसष्ट वर्षांतली ती पहिली खरी प्रार्थना असावी. त्यानंतर भीती गेली. कशी गेली, ते विचारू नका. मी त्याचं स्पष्टीकरण शोधलेलं नाही, आणि शोधायची खाज असलेली बाई असूनही शोधणार नाही.

तीन दिवस मी अतिदक्षता विभागात होते. पहिल्या दिवशी काय होईल सांगता येत नाही, असं मुलाला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, रक्तदाब सावरला, पिशवीत लघवी साचायला लागली. नर्सने पिशवी उचलून दाखवली तेव्हा मला इतका आनंद झाला, की मी टाळ्याच वाजवल्या, सलाइनच्या हाताने! आणि मेघनाने काय केलं असेल? जिने आयुष्यात पोथीला हात लावला नव्हता, तिने शैलाताईंकडून माझी पोथी मागवून घेतली आणि उरलेले अध्याय दवाखान्यातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून वाचले. मध्ये दहा वेळा उठली. औषधं आणायला, फोन घ्यायला, चहा प्यायला. नंतर मला भीत भीत म्हणाली, “आई, आसन फार वेळा मोडलं हो.” तिचा हात मी माझ्या कपाळावर ओढून घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. तुम्ही मला विचाराल, तर त्या नवरात्रात पारायण पूर्ण झालं ते तिचं.

ताराबाई मात्र नाहीशी झाली होती. मुलगा येईतो ती कुणालाच न सांगता निघून गेली होती. झालं! सोसायटीत दुसरी बातमी फिरली, की ती बाई म्हणजे साक्षात आई होती, भाजीवालीच्या रूपात आली आणि अदृश्य झाली. शैलाताई तर शपथेवर सांगत. मलाही ते मानायला आवडलं असतं. पण माझ्या दाराशी तिची पाटी तशीच होती आणि आतली मेथी सुकून गेली होती. आई काहीही रूप घेईल, पण अशी कष्टाची मेथी वाया कशी घालवेल? मी ठरवलं, की बरी झाले की हिला शोधायचं.

बरं व्हायला दीड महिना गेला. औषधाचा कोर्स पूर्ण केला, शेवटची गोळी सगळ्यांसमोर घेतली. लघवीचा रिपोर्ट स्वच्छ आल्यावर डॉक्टरांनी लेझरने खडा फोडून काढला आणि त्याचे तुकडेही तपासायला पाठवले. गंमत बघा, लघवी स्वच्छ, आणि खड्याच्या पोटात जंतू जिवंत! डॉक्टर म्हणाले, “ते आत घर करून राहतात, औषध तिथवर पोचत नाही. खडा पूर्ण निघाला नसता तर पुन्हा हेच झालं असतं.” इथे एखाद्या कीर्तनकाराने अहंकाराचा दृष्टान्त दिला असता. मी देत नाही. मला लागला तो लागला.

मी आजही पारायण करते. पोथीशेजारी तांब्या असतो, आणि लागली की सरळ उठते, परत येते, पुढची ओवी वाचते. देवीला गृहपाठ देणं बंद केलंय. तिने काय करावं, हे तिला माझ्याहून बरं कळतं, आणि ती कुणाच्या हाताने करेल, हे मला आधी कधीच कळत नाही. एवढं मात्र शिकले, की कुणी पाय धरला तर मान ताठ करायची नाही, आणि कुणी कपाळाला हात लावायला आलं तर मागे सरकायचं नाही.

ताराबाईला शोधायला बाजारातल्या एका भाजीवाल्या मावशीने मदत केली. मेघनाने रजा काढली आणि आम्ही दोघी गाडीने विंचूरच्या रस्त्याला लागलो. ताराबाई घरामागे कांद्याच्या चाळीपाशी बसून सडके कांदे बाजूला काढत होती. मला पाहून ओळखलंच नाही तिने. मळवट नाही, केस बांधलेले, दात गप्प. मग एकदम हसली आणि म्हणाली, “लाथ लय जोराची होती, मावशी!” मी साडी आणि नारळ आणला होता, ओटी भरली, आणि पाया पडायला वाकले तर तिने खांदे धरून वर ओढलं. चहा झाला. (आता ती साठीपार आहे, ठणठणीत आहे, आणि आमच्याकडे मेथी तिचीच येते, म्हणून तिची काळजी करू नका.) निघता निघता मला राहवलं नाही. इतक्या रांगेत उभं राहून, भाजीची पाटी डोक्यावर घेऊन ती तीन जिने चढून आली होती, ती काही माझा ताप बघायला नव्हे. मी विचारलं, “ताराबाई, त्या दिवशी तू देवीला काय विचारायला आली होतीस गं? ते राहूनच गेलं.”

तिने हातातला कांदा खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि म्हणाली:

“राहिलेल्या किडनीतबी खडा सापडला हुता वो मावशी, ती तरी टिकंल का म्हणून विचारायचं हुतं, पण तुमचा पाय हातात घेतला न् मला वाटलं, मी काय मागती, आज आईलाच माझ्याकडं काम हाय.”